आमची वाटचाल : रिकाम्या इमारतीचे ११४ तास

फर्म सुरू केली तेव्हा आम्ही तिघं होतो, दोन आर्किटेक्ट आणि एक ड्राफ्ट्समन. पहिलं काम मिळालं ते आठ तपासणी खोल्यांच्या ओपीडीचं. पर्यावरणपूरक इमारत करायची हौस दांडगी. प्रत्येक खोलीला अडीच फुटांपासून वर मोठी खिडकी दिली आणि दिवसा दिवा लावावाच लागणार नाही, असं क्लायंटला छातीठोकपणे सांगून मोकळे झालो.

महिन्याभराने गेलो तर आठही खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली आणि सगळे दिवे चालू! तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "पेशंट शर्ट काढून झोपला की रस्त्यावरून दिसतो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये पेशंट कुठे होता?" ड्रॉइंगमध्ये टेबल होतं, पेशंट नव्हता.

तेव्हापासून तपासणी खोलीची खिडकी साडेपाच फुटांच्या वर. उंचावरचा उजेड खोलीत आतपर्यंत पोचतो. त्यासाठी छत मात्र उंच लागतं आणि तिथे क्लायंटशी हटकून वाद होतो.

आमच्या क्षेत्रात ज्याच्या त्याच्या तोंडी १९८४ चा रॉजर उलरिच यांचा अभ्यास असतो : खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. अभ्यास चांगलाच आहे, पण ते पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवर पडून असलेले रुग्ण होते. आमचा पेशंट तास-दीड तास बसतो आणि जातो. त्याला झाडाच्या आधी हवा लागते, कारण शेजारी खोकणारा कोण आहे, हे अजून कोणीच तपासलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक वायुविजनावर चालणाऱ्या ओपीडीसाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा सांगितली आहे. वेटिंगमध्ये चाळीस पेशंट धरले तर २४०० लिटर. एवढी हवा यंत्राने आणायची तर विजेचं बिल बघवणार नाही. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा २००७ चा अभ्यास वाचल्यावर आमचा धीर वाढला. दारं-खिडक्या उघड्या असताना, १९५० च्या आधीच्या उंच छतांच्या खोल्यांत हवा नव्या खोल्यांपेक्षा कितीतरी जास्त खेळत होती.

मग आम्ही वेटिंगच्या माथ्यावर झरोके दिले. खालून थंड हवा आत, वरून गरम हवा बाहेर. कागदावर झकास! प्रत्यक्षात उघडायचा दांडा नऊ फुटांवर, तिथे हात कोणाचा पोचणार? सफाईवाल्या मावशींनी स्वतःच सुतळी बांधून एक झरोका चालू ठेवला होता. पुढच्या कामात दांडा त्यांच्या खांद्याच्या उंचीवर आला.

सगळ्यात मोठी बचत आम्हाला अपघातानेच सापडली. विसरलेली टेप आणायला रात्री अकराला एका जुन्या कामावर गेलो, तर अंधारात एसीचा पंखा घरघरतोय. आठवड्याचे तास १६८. सहा दिवस नऊ-नऊ तास धरले तर ओपीडी चालते ५४ तास. उरलेले ११४ तास आपण कोणासाठी गार करतो? रुग्णालयाचं डिझाइन तसंच्या तसं उचलल्याचा हा परिणाम. तिथे रात्रीही खाटा भरलेल्या असतात, इथे असतात फक्त खुर्च्या. आता लसींच्या फ्रिजला वेगळी लाइन देतो, कारण तिथे दोन ते आठ अंश चोवीस तास पाळावे लागतात. बाकी सगळं एका स्विचवर बंद. बाहेर गारवा असला की जाळी लावलेले झरोके रात्रभर उघडे राहतात आणि भिंती आयत्याच गार होतात.

अलीकडचं काम एका जुन्या कार्यालयाची ओपीडी करण्याचं. क्लायंटला जुनी इमारत पाडायची होती. सांगाडा भक्कम होता, मजल्याची उंचीही भरपूर. नवं काँक्रीट आणि पोलाद ओतून वर 'पर्यावरणपूरक इमारत' असा बोर्ड लावण्यापेक्षा आहे ते ठेवा, असं आम्हीच पटवलं. आमची फी मात्र बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर ठरलेली, त्यामुळे ती जवळजवळ निम्मी झाली. हे सुचलं ते करारावर सही झाल्यावर! आता फी चौरस फुटावर लावतो.