सायरन बंद करून या

मे 2020. दुपारचे दोन. पुण्याच्या कंट्रोल रूममधून आमच्या 108 रुग्णवाहिकेला कॉल आला: धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव, पुरुष, वय 58, छातीत दुखतंय. पत्ता विचारायला मुलाला फोन लावला, तर तो आधी म्हणाला, "मॅडम, सायरन बंद करून या. गावात बोभाटा होईल."

लॉकडाऊनच्या आधी आमचा दिवस महामार्गावरचे अपघात, बाळंतपणं, सर्पदंश, विषबाधा यांत जायचा. 2014 साली 937 गाड्या आणि गाडीत डॉक्टर, अशी 108 सेवा राज्यात सुरू झाली आणि हा नंबर खेड्यापाड्यांत पाठ झाला. 25 मार्चपासून रस्ते ओस पडले, अपघात कमी झाले, हे समजण्यासारखं होतं. पण छातीत दुखण्याचे, लकव्याचे कॉलही आटले. हे पेशंट गेले कुठे, या विचाराने मला झोप लागत नसे.

त्या घरात शिरले तर भिंतीला लागून आढ्यापर्यंत कापूस. खरेदी रखडल्यामुळे तेव्हा कितीतरी घरांत तो तसाच पडून होता. मधल्या चिंचोळ्या जागेत खाट. पीपीई किटमधली मी दिसताच काकांनी खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "माले दवाखानामा नका टाकू. तठे गयेल माणूस परत येस नही."

घामाने इलेक्ट्रोड चिकटेनात. पंच्याने छाती पुसून पुन्हा लावले. ईसीजीची पट्टी सरकत बाहेर आली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. खोल क्यू लाटा, म्हणजे हृदयाचा स्नायू मेल्याची खूण. हा आजचा अटॅक नव्हता.

"कधीपासून दुखतंय?"

मुलगा खाली बघू लागला. काकू दाराआडून म्हणाल्या, परवा पहाटेपासून. गॅस समजून ओवा दिला, सोडा दिला. फोन हातात घेतला, ठेवला, असं तीनदा झालं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण 12 तासांच्या आत द्यावं लागतं; पहिल्या तासा-दोन तासांत दिलं तर हृदयाचा बराच स्नायू वाचतो. इथे 50 हून जास्त तास उलटले होते. मी त्या माणसांना अडाणी म्हणणार नाही. शेजारच्या गावात करोनामुळे एका घराला बांबू ठोकलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. इटलीच्या लोम्बार्डी प्रांतातही साथीच्या पहिल्या 40 दिवसांत दवाखान्याबाहेर हृदय बंद पडण्याचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा निम्म्याहून जास्त वाढलं होतं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला ती खाट आठवली.

अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, सलाईनसाठी सुई लावली, ऑक्सिजन 88 दाखवत होता म्हणून मास्क लावला. काकांचा हात हातात घेऊन म्हटलं, "मी धुळ्यापर्यंत तुमच्याजवळच बसणार आहे." मग त्यांनी खाट सोडली.

स्ट्रेचर बाहेर काढलं तेव्हा गल्लीतली सगळी दारं बंद होती. मी मुद्दाम मोठ्याने पायलटला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, म्हणाले, "करोना नाही, हार्ट अटॅक आहे. सायरन लाव."

समोरचं दार किलकिलं झालं. एक तरुण म्हणाला, "मॅडम, आईला शुगर आहे. आठ दिवसांपासून पाय काळा पडतोय."

"आत्ता फोन करा. 108."

काका वाचले, पण हृदय कमजोर झालं. शेतातलं जड काम सुटलं. त्या संध्याकाळी आम्ही धुळ्याहून परतत असतानाच त्याच गल्लीतून कॉल आला. या वेळी सायरन बंद करा असं कुणी म्हटलं नाही.