थर्मल ओळखचाचणी: आलेख एकदाचा घसरला

थर्मल कॅमेऱ्याने (उष्णतेवरून चित्र काढणाऱ्या) टिपलेला प्राणी किती लहान होईपर्यंत लोकांना ओळखता येतो, याची चाचणी आम्ही घेत आहोत. मागच्या नोंदीत खाली यायला तयार नसलेला तिचा अचूकतेचा हटवादी आलेख अखेर खाली आला. कुत्रा, कोल्हा, लांडगा आणि तरस या चार पर्यायांत निव्वळ अंदाजाने 25 टक्के उत्तरे बरोबर येतात, त्यामुळे प्राण्याचे चित्र लहान करत नेल्यावर निरीक्षकांची अचूकता तिथवर उतरायला हवी. आमच्याकडे मात्र प्राण्याचा नुसता ठिपका उरला तरी तरस बिनचूक ओळखले जात होते. प्रतिमा-संशोधक जॉन्सनच्या 1958 च्या निकषांनुसार 50 टक्के वेळा ओळख पटण्यासाठी लक्ष्याच्या लहान मापावर सुमारे 6.4 रेषाजोड्या (एक उजळ आणि एक गडद रेघ मिळून एक जोडी), म्हणजे जवळपास 13 पिक्सेल लागतात. ते निकष प्रामुख्याने लष्करी वाहनांसाठीचे आहेत हे मान्य केले, तरी एवढी तफावत पचणारी नव्हती.

शेजारच्या काकूंनी प्राणी शोधण्याआधीच ‘तरस’चे बटण दाबले आणि विचारल्यावर सांगितले, “अहो, तरसाच्या फोटोत दगड चमकतात ना!” पाणी मुरत होते ते ऑटो गेनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या आपोआप छटा जुळवण्याच्या सोयीत. तरसाच्या फ्रेम सासवडकडच्या माळावर दिवस मावळताच घेतलेल्या होत्या, तेव्हा कातळ तापलेलाच असतो. कुत्र्यांच्या फ्रेम पहाटेच्या होत्या. ऑटो गेन प्रत्येक दृश्यातील तापमानाचा पट्टा स्वतंत्रपणे 256 छटांवर ताणतो, त्यामुळे प्रत्येक प्राण्यामागची जमीन वेगळी दिसते आणि निरीक्षक प्राण्याऐवजी तीच ओळखतात. आता 14 बिटच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम घेऊन सर्व चित्रांना एकच तापमानपट्टा लावला आहे आणि प्राण्याभोवतीची जमीन शक्य तितकी छाटली आहे. रॉ फ्रेम न देणारे, वर कडा परस्पर धारदार करणारे मोबाइल अ‍ॅप या कामाला घेऊच नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

नव्या फेरीत कुत्रा आणि लांडगा यांचा गोंधळ सर्वांत आधी सुरू होतो, तर उतरत्या पाठीमुळे तरस शेवटपर्यंत तग धरते. हे पाहून फार समाधान वाटले. अंदाजाचा वाटा वजा केला की 62.5 टक्के अचूकता म्हणजे खरी 50 टक्के ओळख. ओळख पटल्याचा उंबरठा तिथेच धरला आहे.

यापुढे कोल्ह्याच्या आणखी फ्रेम जमवायच्या होत्या, पण हे लिहिताना वाटते की आधी नेदरलँड्सच्या टीएनओ या संशोधन संस्थेची त्रिकोण-दिशा चाचणी करावी. समभुज त्रिकोणाचे टोक वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढेच सांगायचे असल्याने जमिनीचा सुगावा लागत नाही आणि कॅमेऱ्याची मर्यादा वेगळी काढता येते. लेझर कटिंगवाल्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातील त्रिकोणांचे कोपरे गोल करून दिले आहेत, ते आधी कानशीने नीट करायचे. मग चकाकणाऱ्या पत्र्यात आकाशाचे प्रतिबिंब येऊ नये म्हणून त्याला मॅट काळा रंग द्यायचा.