सोनकी की सोनकडी? आधी फूल उलटं करून बघा

भाद्रपद आला की "ही सोनकी का?" असं विचारणारे फोटो मला येऊ लागतात. फोटोत वरून टिपलेलं पिवळं फूल आणि मागे धूसर हिरवळ. एवढ्यावर मी नाव सांगत नाही. सूर्यफुलाच्या कुळात वरून सारखी दिसणारी पिवळी फुलं पुष्कळ आहेत, आणि त्यांना वेगळं करणाऱ्या खुणा फुलाखाली, फुलाच्या आत नाहीतर खोडावर असतात. म्हणून मी ओळख कशी पटवते, ते क्रमाने लिहिते.

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, दाढीचं ब्लेड, छोटी पट्टी आणि काळ्या कागदाचा तुकडा. काळा कागद विसरू नका. या फुलांच्या बीसारख्या बारीक फळांवरचे पांढरे केस तळहातावर नीट दिसत नाहीत, काळ्यावर लगेच उठून दिसतात.

पहिल्यांदा एक पान तोडते. पांढरा चीक आला आणि फुलातली प्रत्येक पाकळी टोकाशी पाच दातांची असली, तर ती पाथरी किंवा तिच्या गोतावळ्यातलं काहीतरी. सोनकीचा विषय तिथेच संपला.

मग पानांची मांडणी, तीही खोडाच्या मध्यावरची. शेंड्याकडची पानं फसवतात, कारण खाली समोरासमोर पानं असलेल्या झाडांतही फुलोऱ्याजवळ ती कधीकधी एकाआड एक होतात. समोरासमोर पानं म्हटली की मुंबईत तीन उमेदवार ठरलेले. दुभाजकांवर आणि सोसायटीच्या बागेत जमिनीलगत पसरणारं, पेरापेराला मुळं फुटणारं, तीन खंडांच्या पानांचं ते वेडेलिया. झाडांच्या सावलीत वाढणारं, पानाच्या बेचक्यात देठाविना चिकटलेली बारीक पिवळी फुलं असलेलं ते सायनेड्रेला. आणि लांब दांड्यावर एकच फूल, फिकट पाकळ्या मोजक्याच, ती एकदांडी. कोणी तिला दगडी पाला म्हणतं, कोणी कंबरमोडी. ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. वेडेलियाला पिवळा माका समजून घरी नेणारे बरेच भेटतात. खऱ्या पिवळ्या माक्याचं पान लांबट असतं, त्याला असे खंड नसतात.

पानं एकाआड एक असतील तर सोनकी आणि सोनकडी या दोघींमध्ये निवड करावी लागते, आणि खरी गफलत इथेच होते.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर स्तबक, म्हणजे पुष्कळ चिमुकल्या फुलांचा गुच्छ. कडेच्या 'पाकळ्या' ही किरणपुष्पकं, मधली चकती बिंबपुष्पकांची. त्यांना खालून धरणारा हिरवा पेला म्हणजे छदमंडल, आणि त्यातली एकेक हिरवी पाती म्हणजे छद. फूल उलटं करून हा पेला भिंगाखाली बघायचा. सोनकीत सगळी छदं एकाच ओळीत, सारख्या उंचीची, कुंपणाच्या फळ्यांसारखी कडेला कड लावून उभी असतात. अगदी तळाशी काही बारीक टिकल्यांसारखी छदं वेगळी दिसतात. सोनकडीत छदं अरुंद आणि अनेक ओळींत, बाहेरची आखूड आणि आतली लांब, अशी एकमेकांवर चढलेली असतात. दुसरी खूण पानाच्या बुडाशी: सोनकडीचं पान बिनदेठाचं आणि त्याची बुडाकडची दोन टोकं कानाच्या पाळ्यांसारखी खोडाला कवटाळतात. या दोन खुणा जुळल्या की मला शंका राहत नाही.

तरीही एक फूल ब्लेडने उभं चिरते. सोनकी आणि सोनकडी दोघींचं पुष्पासन, म्हणजे पुष्पकं ज्यावर बसतात ती गादी, उघडं असतं. समोरासमोर पानांच्या वरच्या तिघांत मात्र प्रत्येक पुष्पकाशेजारी एक कोरडं तूस सापडतं. मग पिकलेली फळं काळ्या कागदावर झटकते. सोनकीच्या फळावर मऊ, साध्या, पांढऱ्या केसांचा दाट झुपका. सोनकडीत चकतीतल्या फळांवर मोजकेच केस, आणि कडेची फळं बोडकी. एकदांडीचा प्रत्येक केस स्वतःच पिसासारखा. सायनेड्रेलाच्या चकतीतल्या फळांना दोन ताठ काटे, तर कडेची फळं चपटी आणि फाटक्या कडांची. एकाच फुलात दोन तऱ्हेची फळं! भिंगातून हे बघताना दर वेळी जीव सुखावतो.

दादरच्या फुलबाजारात गुच्छात भरायला येणारा गोल्डन रॉड, म्हणजे सॉलिडॅगो, याच कुळातला. त्याच्या जाती ओळखताना मात्र पेल्यापेक्षा खोडावर जास्त भिस्त ठेवावी लागते. फुलोऱ्याखालचं खोड लवदार असेल तर कॅनाडेन्सिसकडे कल, गुळगुळीत आणि निळसर पांढुरकी भुकटी फासल्यासारखं असेल तर जायगँटियाकडे. बाजारातले बरेचसे संकरित असतात, त्यामुळे त्यांना मी जातीचं नाव लावत नाही.

फोटो पाठवायचे असतील तर चार पाठवा: संपूर्ण झाड, खोडाला पान जुळतं ती जागा, फूल बाजूने, फूल खालून. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काही तोडता येत नाही. तिथे भिंग फुलापाशी न्यायचं आणि फोटोंवर भागवायचं. राजमाची किंवा कळसूबाईच्या वाटेवर सोनकीचे ताटवे दिसले, तरी नमुना एखादाच घ्यावा.

नमुना दाबताना मुंबईची हवा वैरी होते. वर्तमानपत्र एका रात्रीत दमट होतं, म्हणून पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलते. एक वेळ चुकली तरी फुलांवर बुरशी धरते. शिवाय या कुळातली फुलं दाबल्यावरही आतल्या आत पिकत राहतात आणि कागद उघडला की नुसता कापूस हाती येतो. म्हणून कळी, उमललेलं आणि पिकलेलं अशी तिन्ही अवस्थांतली फुलं घेते आणि पाच-सहा फळं कागदाच्या पुडीत वेगळी ठेवते. पाकळ्यांचा रंग, उंची, जागा आणि तारीख तिथल्या तिथे लिहिते, कारण वाळल्यावर रंग उतरतो.

जुन्या पुस्तकांत सोनकीचं शास्त्रीय नाव सेनेसिओ ग्रॅहामी असं सापडेल. आताचं नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. सह्याद्रीत सेनेसिओच्या आणखीही जाती आहेत. शंका उरली तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्यांशी, आधी परवानगी घेऊन, ताडून बघता येतं. हातात पिकलेलं फळ नसेल तर मी चिठ्ठीवर नुसतं 'सेनेसिओ' लिहून पुढची जागा कोरी सोडते, आणि तीन आठवड्यांनी त्याच झाडापाशी पुन्हा जाते.