तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रस्त्याला फोर-व्हील लागतेच का?

आम्ही ऊडनाडाटा ट्रॅकला तीनदा जाऊन आलोय हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो. "त्याला फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच का हो? आमच्या साध्या गाडीनं नाही जमणार?" पूर्वी मी "लागते" म्हणून मोकळी व्हायचे. आता तसं म्हणवत नाही. तिन्ही खेपा मिळून चारही चाकांना जोर द्यायची खरी वेळ दोनदाच आली, आणि त्यातल्या एकदा त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

रस्ता दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आहे. मरी ते मार्ला, सुमारे ६२० किलोमीटर, कच्चा. (मरी हे नाव ऐकून आई फोनवर क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुठल्या गावाहून निघता येत नाही का?") मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा ही दोनच ठिकाणं, प्रत्येक टप्पा साधारण दोनशे किलोमीटरचा. विल्यम क्रीकला नकाशात गाव म्हणून ठिपका आहे. प्रत्यक्षात एक हॉटेल, मोजकी घरं आणि विमानांची धावपट्टी. डिझेल दिसेल तिथे टाकी भरायची, अर्धी भरलेली असली तरी.

कोरड्या दिवसांत, नुकताच ग्रेडर (रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र) फिरलेला असेल, तर हा रस्ता रुंद आणि सपाट असतो. साध्या गाड्या जाताना मी पाहिल्यात. गाडी भाड्याची असेल तर मात्र करार आधी वाचा. कच्च्या रस्त्यावर न्यायला बऱ्याच कंपन्या बंदी घालतात, आणि तिथून गाडी ओढून आणायचं बिल मग आपल्याच नावावर फाटतं.

ग्रेडर फिरून बरेच दिवस झाले की रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, आपटतं तिथली माती सरकते, पुढचं चाक तिथेच उडतं. एका ठरावीक वेगाच्या वर गाड्या धावायला लागल्या की या लाटा आपोआप तयार होतात, त्यात कुणाचाच वेगळा दोष नसतो. पहिल्या खेपेला आम्ही डांबरी रस्त्यावरची ३६ ची हवा तशीच ठेवून निघालो होतो. तासाभरात आरशाचा स्क्रू सैल झाला, डब्यांची झाकणं उघडून चिवडा आणि कांदे एक झाले, आणि आमच्यात बोलणं बंद झालं, कारण बोललेलं ऐकूच येत नव्हतं. समोरून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं थांबून आमच्या टायरांकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. मग २८ वर आणली. टायर जरा बसला, जमिनीला जास्त टेकला, आणि तीच गाडी निम्म्या आवाजात चालायला लागली. हवा कमी केली की वेगही कमी ठेवावा लागतो, नाहीतर टायर तापून फाटतो. डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवा. तुम्ही गाडीबद्दल विचारता, पण मी आधी सांगेन ते हे: हवा मोजायचा मीटर, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि शक्यतो दोन स्टेपन्या. तिथले दगड धारदार असतात. आमची एक स्टेपनी पहिल्याच दिवशी कामी आली, आणि उरलेला सगळा रस्ता मी चाकांचा आवाज ऐकत काढला.

फोर-व्हील पहिल्यांदा उपयोगी पडली ती एका ओढ्याच्या कोरड्या, भुसभुशीत पात्रात. लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरमध्ये टाकली, हळूहळू निघाली. आमच्या जुन्या गाडीत हा जोर हातानं लावावा लागतो आणि तो डांबरावर लावायचा नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कुणीतरी घसरल्याशिवाय तो हिशेब जुळत नाही. खडीवर चाक सहज घसरतं, डांबरावर ताण गिअरवर येतो. एवढं समजलं तरी पुष्कळ आहे, बाकीचं पुस्तकी ज्ञान मला त्या रस्त्यावर कधी लागलं नाही.

दुसरी वेळ सांगण्याआधी हा रस्ता तिथे का आहे ते सांगते, कारण दोन्हींचा संबंध आहे. या भागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन आहे, ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा जमिनीखालचा पाण्याचा साठा. त्याच्या कडेला ते पाणी दाबानं वर येतं आणि वाळवंटात झऱ्यांची एक माळच तयार होते. तिथल्या मूळ रहिवासी अराबाना लोकांच्या वाटा या झऱ्यांवरून जायच्या. १८५९ मध्ये जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी त्याच झऱ्यांच्या आधारानं उत्तरेकडे सरकला. १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारायंत्राची (टेलिग्राफची) लाइन त्याच बाजूनं गेली, मग उंटांचे तांडे, मग रेल्वे. ही रेल्वे, म्हणजे जुनी घान, १८९१ मध्ये ऊडनाडाटाला आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोचली, १९८० मध्ये बंद झाली. तिचा अल्जबकीनाचा पूल अजून उभा आहे, अर्ध्या किलोमीटरहून लांब. खाली बहुतेक वेळा नदी म्हणावी असं फारसं काही नसतं. एवढा पूल कशाला बांधला असेल, असं आम्हीही त्या पुलावरून चालताना म्हणालो होतो.

दुसऱ्या खेपेला कळलं. अल्जबकीना मागे टाकून विल्यम क्रीककडे येत होतो. दुपारी ढग आले, पाऊस फार नव्हता, घरी असते तर वाळत घातलेले कपडेसुद्धा आत घेतले नसते. पण तिथली माती चिकण आहे. दहा मिनिटांत वरचा थर साबणासारखा झाला. मी चारही चाकांना जोर दिला, आणि चारही चाकं एकाच वेळी घसरली. गाडी नाक पुढे ठेवून आडवी चालायला लागली. टायरच्या खाचा चिखलानं भरल्या, चाक गुळगुळीत झालं, मग चिखल मडगार्डमध्ये इतका दाटला की चाक फिरेना. शेवटचे तीन किलोमीटर आम्ही पान्ह्यानं चिखल खरवडत, थांबत थांबत आलो. त्या रात्रीच रस्ता बंद झाल्याची पाटी लागली. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, आणि तो योग्यच आहे: ओल्यात पडलेली चाकोरी वाळली की सिमेंटसारखी होते आणि मागून येणाऱ्यांचे टायर खाते. आम्ही दोन रात्री अडकलो. शेजारच्या तंबूत आमच्यापेक्षा तिप्पट किमतीची, नळ्या-शिड्या लावलेली गाडी होती. तीही तिथेच उभी होती.

तिथे थांबलेले असताना डोनाल्ड कॅम्पबेल या वेगाचे विक्रम करणाऱ्या ब्रिटिश माणसाची गोष्ट पुन्हा आठवली. या रस्त्यावरून लेक एअरचा दक्षिण भाग दिसतो, पांढरा, कोरडा, समुद्रसपाटीखाली. त्याच सरोवराच्या मोठ्या, उत्तरेकडच्या भागात कॅम्पबेल १९६३ मध्ये वेगाचा विक्रम करायला ब्लूबर्ड घेऊन आला. टर्बाइनची, चारही चाकांना जोर देणारी गाडी. पाऊस आला आणि सगळं आवरून परत जावं लागलं. १७ जुलै १९६४ ला, जमीन बरी झाल्यावर, त्यानं ताशी ६४८ किलोमीटरचा विक्रम केला.

तर तुमच्या गाडीचं मॉडेल मला कळून उपयोग नाही. मागच्या आठवड्यात तिथे पाऊस किती झाला आणि पाटीवर काय लिहिलंय, ते बघा. मे ते ऑगस्टमध्ये जा, तिथे तेव्हा थंडी असते. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास नको, ऊडनाडाटाला १९६० मध्ये ५०.७ अंश नोंदलेत. पाणी वाटतं त्याहून जास्त घ्या, दोन दिवस जास्तीचं जेवण घ्या, सुट्टीसुद्धा दोन दिवस जास्तीची टाका. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. समोरून गुरांचा लांबलचक ट्रक आला तर वेग कमी करा, बाजूला व्हा, धुरळा बसेपर्यंत थांबा.

कॉम्प्रेसर विकत घेऊ नका, आमच्याकडे आहे, घेऊन जा. फक्त परत देताना नळीतला फुफाटा झटकून द्या. मागच्यांनी तसाच आणून दिला होता.