वरच्या मजल्याची पावती

कालपासून एक गोष्ट मनातून जात नाही. ह्याला सांगितली तर तो म्हणाला, "एवढंच?" खरं आहे, एवढंच आहे. म्हणूनच लिहायला बसलेय, कारण एवढ्याशा गोष्टीनं रात्री दोनला जाग यायला नको होती.

काल संध्याकाळी गणपती मंडळाची पोरं वर्गणीला आली होती. खाली आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, पैसे दिले, पावती घेतली. आवाज ऐकून मी पर्स घेऊन जिन्यात आले. पावती पुस्तक ज्याच्या हातात होतं त्यानं वर बघितलं, हसला आणि म्हणाला, "वैनी, तुमचं र्‍हाऊ दे. तुम्ही काय आता हितं नसतायसा." एवढं बोलून पोरं पुढच्या दाराला गेलीसुद्धा.

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. उलट वहिनींचे पैसे वाचवले, असाच भाव होता. मी जिन्यातच उभी राहिले. वर्गणी मागितली नाही म्हणून कुणाला वाईट वाटतं का? मला वाटलं. अजून वाटतंय.

लग्नानंतर वरच्या मजल्यावर आमचं स्वयंपाकघर झालं, तेव्हापासून ह्या घराला दोन पावत्या फाटायच्या. खालची मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावाची, वरची ह्याच्या. मी गडहिंग्लजची. कोल्हापुरात ह्या पेठेत आले तेव्हा 'अमक्याची सून' हीच ओळख होती. मतदार यादीत नाव चढायला वेळ लागला, गॅसचं कनेक्शन त्याच्याही नंतर आलं. वरच्या मजल्यावर एक वेगळं घर आहे हे पहिल्यांदा कागदावर लिहिलं ते मंडळानं. माझं काम हिशेबाचं, कागद टाकवत नाही. सगळ्या पावत्या फाईलला लावलेल्या आहेत. शेवटची गेल्या वर्षीची. गेल्या वर्षी महाद्वार रोडवरची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच होती. ती संपली, रस्त्यावरचा गुलाल तसाच होता आणि आमच्या बॅगा भरून तयार होत्या.

भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "वर्षभर फिरलात, मजा आहे तुमची." मजा होतीच, नाही कशाला म्हणू? पण त्या वर्षाला आकार दिला तो व्हिसांनी. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांचा, थायलंडमध्ये आम्ही गेलो तेव्हा ६० दिवस, मलेशियात ३०, आर्मेनियाचा १२०. एका घरात डाव कुठल्या खणात असतो ते हाताला कळायला लागलं की निघायची तारीख यायची. माझ्या महिन्यांना मात्र तिथंही दोनच तारखा होत्या, ११ आणि २०. उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांचे जीएसटी रिटर्न कुठं बसून भरले गेले याच्याशी सरकारला देणंघेणं नाही, वेळेत भरले म्हणजे झालं. व्हिएतनामचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं, आर्मेनियाचं दीड तास मागं. तिकडं असताना आत्तींशी बोलायची वेळ मी मनात रोज दोनदा मोजायचे. इथं देवघरात दिवा लागला असेल, आता मामांची औषधं झाली असतील. मामांच्या त्या दुखण्याच्या वेळी आम्ही कुठं होतो हे मात्र आज लिहायला नको.

थायलंडमधल्या च्यांग मायला फेब्रुवारीत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर शहरावर बसायला लागतो. तो धूर माझ्या छातीत उतरला. भाड्याच्या खोलीत मी खिडक्या बंद करून पडून होते. हा औषधं आणायचा, भात करायचा, माझ्या शेजारी बसून मीटिंगा करायचा. त्या दिवसांत मला एकच वाटायचं, आपण आजारी आहोत हे ह्या गल्लीत कुणालाच माहीत नाही. पेठेत शिंकलं तरी तीन घरांतून काढा येतो, आणि तो नको असतो तेव्हा मी कितीदा वैतागले आहे. तिथं दार वाजत नव्हतं. वाजावं तरी का? त्यांना आम्ही कोण? हे कळत होतं, तरी रडू यायचं. कालचं जिन्यातलं वाटणं त्याच जातीचं आहे. फक्त तिथं कुणी ओळखत नव्हतं आणि इथं ओळखून सोडून दिलं.

रात्री मग मी व्हिएतनाममधल्या होई आनचा विचार करत पडले.

ऑक्टोबरअखेर तिथली नदी चढायला लागली. आम्ही नदीजवळच्या एका जुन्या घरात भाड्यानं राहत होतो. घरमालकीण साठीची, इंग्रजी दोन-चार शब्दांपुरतं. खालच्या खोलीतल्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आणि त्यांच्यापुढं वर्षं लिहिलेली. १९६४ ची खूण माझ्या डोक्याच्या वर. ती बघून आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कोल्हापूरच्या माणसाला अशी भिंत वाचायला शिकवावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा खालच्या गल्लीतून ह्यानं आणि ह्याच मंडळाच्या पोरांनी म्हातारी माणसं उचलून आणली होती.

तर त्या दिवशी ह्यानं कुणी न सांगता शर्ट काढला आणि पाण्याची मोटर सोडवायला बसला. मी तांदळाचे डबे, देव्हाऱ्यातली चित्रं, शिलाई मशीन, सगळं वर नेऊ लागले. बाई आधी "नो, नो" करत राहिली, मग मला हातानं दाखवायला लागली. हे आधी ने, ते राहू दे. संध्याकाळी खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. आम्ही सगळे वर एका चटईवर बसून भात आणि तळलेला मासा खात होतो. तिच्या लेकाचा फोन आला. ती बोलता बोलता घरातल्या माणसांकडं बोट करत गेली. बोट आमच्यावरूनही फिरलं, तिच्या नातवावर थांबलं त्यापेक्षा एक क्षणही कमी किंवा जास्त नाही. लेक विचारत असणार, सगळी वर आहात ना? तिनं मोजून सांगितलं. त्या मोजणीत आम्ही होतो.

सबंध वर्षात मला सगळ्यांत जास्त घरात असल्यासारखं त्या संध्याकाळी वाटलं. तिथल्या कंदिलांचे फोटो मी सगळ्यांना दाखवले, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तेच आठवताना रात्री माझ्या लक्षात आलं की तो पोरगा चुकीचं काही बोललाच नाही. होई आनमध्ये आमचा कागद कुणी बघितला नाही. आम्ही त्या दिवशी तिथं होतो, हात होते, म्हणून मोजलो गेलो. त्याच मापानं इथं मोजायचं तर गेल्या वर्षी दसरा चौकात सोनं लुटायला आम्ही नव्हतो, नवरात्रात नव्हतो, ह्या पावसात पाणी चढत होतं तेव्हा आत्तींना "किती फूट?" एवढं फोनवर विचारत होतो. तिकडं हजर होतो म्हणून मान घ्यायचा आणि इकडं गैरहजर असूनही मान मागायचा, दोन्ही कसं चालेल? हिशेबाला बसलं तर असं खातं जुळत नाही.

हे सगळं पटलं. पटून दुखायचं थांबलं नाही.

सरकारची मोजणी तरी सोपी. युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम, कोणत्याही १८० दिवसांत ९०. आयकराला तुम्ही वर्षात इथं १८२ दिवस होता का हे आधी लागतं, मग पुढचे बारकावे. मी ही मापं दुसऱ्यांसाठी रोज लावते आणि त्यात मला कधी माणूस दिसला नाही. आत्ता आम्ही आलोय तेही त्याच मापामुळं. युरोपचा व्हिसा राहत्या देशातून मागावा लागतो, आणि आमचा राहता देश कागदावर अजून हाच आहे. ह्याला हिवाळा पोर्तुगालमध्ये काढायचाय. मला काय हवंय हे त्यानं विचारलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आज सकाळी भाजी निवडताना मी आत्तींसमोर विषय काढलाच. सरळ नाही, "पोरांनी वरची पावती केली नाही" एवढंच म्हटलं. आत्ती मेथीच्या काड्या मोडत होत्या. म्हणाल्या, "मीच सांगिटलं त्यास्नी. इचारत हुतीत वरचं काय करायचं. म्हटलं एकच लिव्हा. तुमचंबी त्यातच धरलंय, पैसं वाढवून दिल्यात."

मी गप्प.

मग म्हणाल्या, "येगळं कशाला? चूल तर एकच पेटती की आता."

एवढा वेळ मी त्या पोरावर रुसले होते, आणि निर्णय आत्तींचा होता. क्षणभर तर जास्तच लागलं. वरचं घर माझं होतं. भांडी मी लावली होती, मसाल्याचे डबे मी भरले होते, खालच्या घराशी न भांडता वेगळं राहणं मी मोठ्या कष्टानं जमवलं होतं. एका वाक्यात ते सगळं खालच्या घरात परत मिसळून गेलं. आणि त्याच वाक्यात 'धरलंय' पण होतं. वर्षभर आम्ही कुठंही असलो तरी त्यांनी आम्हाला बाहेर काढलं नव्हतं. आत घेतलं होतं, जरा जास्तच आत.

आर्मेनियातल्या येरेवानच्या घरमालकिणीची आठवण आली तेव्हा. तिच्या गच्चीवरून अरारात डोंगर दिसायचा, सकाळी स्वच्छ, दुपारी धुक्यात अर्धा. डोंगर आहे तुर्कस्तानात, ती हद्द १९९३ पासून बंद आहे, आणि तरी आर्मेनियाच्या राजचिन्हात तोच. ती रोज कॉफी पिताना तिकडं बघायची, छातीवर हात ठेवायची. तिथं कधी गेलात का, असं ह्यानं खुणेनं विचारलं, तर तिनं मान हलवली, नाही. तिचा अरारात तिच्या हातात नाही, हद्दीत नाही, तरी तिनं तो धरलाय. जुलैतल्या वार्दावारच्या रविवारी सगळं शहर एकमेकांवर पाणी ओतत होतं, तेव्हा ह्याच बाईनं गच्चीवरून आमच्या अंगावर अख्खी बादली रिकामी केली होती. आम्ही पाहुणे म्हणून सोडलं नाही. रंगपंचमीला गंगावेशीत कोण कुणाला सोडतं?

म्हणजे आत्ती आणि ती एका मापाच्या. दूर असलेलं धरून ठेवणाऱ्या. मंडळाचा पोरगा आणि होई आनची बाई दुसऱ्या मापाच्या, समोर असेल तो आपला. मला दोन्ही मापं खरी वाटतात. दोन्हींत एकदम बसायचं कसं, हे मात्र वर्षभर फिरून कळलेलं नाही. कदाचित आमच्यासारख्यांना ते कायमच अर्धं अर्धं मिळणार. काल रात्री हा विचार असह्य होता. आत्ता लिहिताना तो फार जड वाटत नाहीये. घर बदलत राहायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं, तेव्हा कुणी बळजबरी केली नव्हती, आणि त्या वर्षातला एकही महिना मी परत देणार नाही. धुराचा सुद्धा.

फक्त आत्तींना एक सांगितलं. आहे तितके दिवस वरची शेगडी पेटवते. सिलेंडर खाली गेलाय तो ह्याला वर आणायला सांगितलाय. आत्तींनी जरा माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या, "पेटीव की. आयतवारी जोतिबास्नं आल्यावर वरच जेवू. भाकरी मी करीन, तुझी सवय मोडली आसंल." मी म्हटलं, "मोडली नाही. तिकडं तांदळाच्या पिठाच्या थापत होते." त्यांना ते खरं वाटलं नाही. पीठ कसलं, पाणी किती गरम, तव्याला चिकटत नव्हत्या का, दहा प्रश्न विचारले. वर्षभरातल्या कुठल्या गावाबद्दल त्यांनी एवढं विचारलं नव्हतं, आणि मला त्या चौकशीतून उठावंसं वाटेना.

व्हिसाची मुलाखत पुढच्या आठवड्यात मुंबईला. त्याआधी दोन फौंड्रींचं रिटर्न ११ च्या आत जायला हवं, आणि एकाची बिलं अजून आलेली नाहीत.