व्हॉल्व्ह चांगलेच होते
कामाच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलणे. रूम थंड करणाऱ्या नळ्यांत, म्हणजे कॉइलमध्ये, किती गॅस सोडायचा ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. फ्रीझर रूम उणे १८ अंशांवर राहायला हवी, ती उणे ९ वर येऊन अडली होती. व्हॉल्व्ह याआधीही बदलला गेला होता आणि तोही एकदाच नव्हे. दर वेळी काही आठवडे रूम छान चालायची, मग पुन्हा तेच रडगाणं. व्यवस्थापकांनी या खेपेला दुसऱ्याच कंपनीचा व्हॉल्व्ह आणून ठेवला होता. "आधीचे सगळे खराबच निघाले हो," ते म्हणाले. "हा लावा, म्हणजे आम्ही सुटलो."

मी आधी प्रेशर मोजणारे गेज लावले. गॅस आर-४०४ए. सक्शनला, म्हणजे कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाईपात, जेमतेम ५ पीएसआय प्रेशर. याचा अर्थ कॉइलमध्ये गॅस उणे ४० च्या आसपास उकळत होता. व्हॉल्व्हचा तापमान टिपणारा बल्ब सक्शन पाईपवर बांधलेला असतो, तिथे पाईपचं तापमान मात्र उणे १४. या दोन्हींतला फरक म्हणजे सुपरहीट, तो २६ अंश! जिथे सहा-सात असावा तिथे सव्वीस, म्हणजे कॉइलला पुरेसा गॅस पोचतच नव्हता. बर्फाचीही तीच साक्ष: पहिल्या दोन-तीन नळ्यांवर पांढरा थर, पुढची कॉइल कोरडी. द्रव गॅस दिसणाऱ्या काचेत, साइट ग्लासमध्ये, मात्र एक बुडबुडा नाही. गॅस कमी असता तर तिथे फेस दिसला असता. बल्बची पट्टी सोडवून तो मुठीत धरला, तर सक्शन प्रेशर किंचित वर सरकलं आणि थांबलं. बल्बमध्ये भरलेला गॅस शाबूत होता, व्हॉल्व्ह उघडणारा पडदा, डायफ्रॅमही हलत होता. वाट त्याच्या आधी कुठेतरी बुजली होती.

गॅस रिकव्हर करून घेतला आणि व्हॉल्व्ह पाईप कटरने कापून काढला. ज्वालेची टॉर्च मुद्दाम लावली नाही. आत जे असेल ते जसंच्या तसं बघायचं होतं. इनलेटची बारीक जाळी काळ्या पापुद्र्यांनी गच्च भरलेली होती. बोटांत चुरडल्यावर त्यांची काजळी झाली.

हे कॉपर ऑक्साइड. ब्रेझिंगच्या, म्हणजे रॉड वितळवून पाईप जोडण्याच्या, वेळी तांबं ७०० अंशांच्या आसपास तापतं. त्या वेळी पाईपच्या आत हवा असेल, तर आतल्या भिंतीवर काळा थर धरतो. बाहेरून जॉइंट देखणा दिसतो, लीक टेस्टही पास होतो, आणि घाण आतच राहते. पुढे द्रव गॅस आणि त्यातलं कॉम्प्रेसरचं पीओई तेल तो थर सोलून काढतात, कारण या तेलाचा गुणच धुऊन काढण्याचा. इथे ओल आणि घाण अडवणारा ड्रायर होता बाहेर, कॉम्प्रेसरच्या कंडेन्सिंग युनिटपाशी. त्याच्या पुढच्या लांबलचक लिक्विड लाइनमध्ये, म्हणजे द्रव गॅसच्या पाईपात, जे जॉइंट होते, त्यांची घाण अडवायला व्हॉल्व्हच्या जाळीशिवाय काहीच नव्हतं. त्यात दर वेळी नवा व्हॉल्व्ह लावताना जाळीच्या तोंडाशीच पुन्हा, आतली हवा नायट्रोजनने न हाकलता, ब्रेझिंग झालं. म्हणजे नवा व्हॉल्व्ह बुजण्याची सुरुवात त्याच्याच जॉइंटपासून होत होती.

हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. लिक्विड लाइनचा एक एल्बो कापून घेतला, करवतीने उभा चिरला आणि दोन्ही फाका व्यवस्थापकांच्या हातात दिल्या. बाहेरून चकचकीत, आतून काळाकुट्ट, नखाने खरवडलं की पोपडे पडत होते.

"म्हणजे एवढे व्हॉल्व्ह आम्ही उगाच फेकले?"

"व्हॉल्व्ह चांगलेच होते, साहेब. पाईप बदलावा लागेल."

त्यांनी रूममधला माल दुसरीकडे हलवायला सांगितलं आणि आम्हाला हवा तेवढा वेळ दिला. याबद्दल मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

युनिटपासून व्हॉल्व्हपर्यंत नवी लाइन ओढली. शक्य तिथे बेंडरने वळवली, कारण जो जॉइंट नाहीच तो ना गळतो ना घाण करतो. जुना ड्रायर कापूनच काढला. तो टॉर्चने तापवून सोडवला तर आतली शोषलेली ओल सुटून पाईपात जाते, हे बरेच जण विसरतात. नव्या लाइनमध्ये एक ड्रायर व्हॉल्व्हजवळ घेतला.

मग नायट्रोजन. माझा जोडीदार प्रवाहाच्या मीटरवर बसला. आधी जोरात सोडून आतली हवा पूर्ण हाकलली, मग प्रवाह मिनिटाला ३ लिटरच्या आसपास आणला. "दादा, एवढासाच?" त्याने विचारलं. एवढासाच. दुसरं टोक उघडं हवं आणि प्रवाह हलका हवा. आत दाब साठला तर वितळलेला रॉड तो बाहेर ढकलतो आणि जॉइंटला सुईच्या टोकाएवढं भोक राहतं. नायट्रोजन व्हॉल्व्हमधूनही पुढे जायला हवा होता. बल्ब बाहेरच्या उबेत ठेवला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. फक्त तो ज्वालेपासून लांब, बल्बच्या बारीक नळीला, कॅपिलरीला, घडी न पडता. आणि नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

तांब्याला तांबं जोडायला फॉस्फरसवाला रॉड, तिथे धातू साफ ठेवणारी पेस्ट, फ्लक्स, लागत नाही. पण या व्हॉल्व्हची बॉडी पितळेची, तिथे ४५ टक्के चांदीचा रॉड घेतला आणि फ्लक्स. फ्लक्स फक्त आत जाणाऱ्या नळीला, तोही टोकापासून थोडा मागे, नाहीतर तोच आत वाहून नवी घाण होतो. बॉडीवर ओलं फडकं गच्च गुंडाळलं, पाणी गळणार नाही इतपत पिळून. ज्वालेचं तोंड व्हॉल्व्हच्या उलट दिशेला. आधी नळी तापवली, मग सॉकेट. फ्लक्स काचेसारखा पारदर्शक झाला, तसा रॉड नुसता टेकवला आणि धातू उष्णतेमागे आपोआप आत ओढला गेला. रॉड ज्वालेत वितळवून वरून थापायचा नसतो. तसा जॉइंट वरून भरलेला दिसतो आणि आत पोकळ राहतो. व्हॉल्व्हला सक्शनचं प्रेशर पोचवणारी बाहेरच्या इक्वलायझरची नळी बारीक, ती क्षणात जळते. तिथे ज्वाला नुसती फिरवली. जॉइंट हाताला सोसेल इतका थंड होईपर्यंत नायट्रोजन चालूच ठेवला.

पुढे प्रेशर टेस्ट, साबणाचा फेस, नवा ड्रायर बाहेरही, मग आतली हवा आणि ओल पंपाने ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद करून धरून बघितला. बल्ब आडव्या सक्शन लाइनवर, घड्याळातल्या चारच्या जागी, धातूच्या पट्टीने घट्ट बांधला आणि वर इन्शुलेशन चढवलं.

रूम उणे १८ ला उतरली तेव्हा सक्शन २० पीएसआय होतं, म्हणजे उणे २६. पाईप उणे २०. सुपरहीट सहा. व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावावा लागला नाही.

व्यवस्थापकांनी तो चिरलेला एल्बो ठेवून घेतला आणि विचारलं की शेजारच्या दोन रूमची पाइपिंगही त्याच लोकांनी केली आहे, तिथे काय करायचं? त्या रूम अजून नीट चालत होत्या. मी तिथला सुपरहीट मोजून लिहून ठेवला आणि सांगितलं की तो चढू लागण्याची वाट न बघता दोन्ही ठिकाणी व्हॉल्व्हच्या आधी ड्रायर घ्या, पुढच्या देखभालीत तो बदला आणि काढलेला मला कापून बघू द्या.