वर काही दिसत नाही, तरी जाता कशाला?

ग्लासगोला आल्यापासून हा प्रश्न किती जणांनी विचारला, ते मोजलेलं नाही. आई पुण्याहून फोनवर विचारते, ऑफिसात सोमवारी विचारतात, आणि इथल्या गणपतीत कोणीतरी प्रसादाची वाटी हातात धरून हमखास विचारतं : "चार तास चढायचं, ढगात उभं राहून सँडविच खायचं आणि उतरायचं. मग कशाला?"

माझं उत्तर पाठ आहे. "दिसण्यासाठी जातच नाही मी." हे म्हणताना मान जराशी ताठ होते, तेही मला ठाऊक आहे.

आधी भांडून घेते. आषाढात राजमाचीला जाऊन आलेल्याला कोणी विचारतं का, काय दिसलं म्हणून? पुढच्याची सॅक दिसत नाही अशा धुक्यात आपण गारठलेली भजी खातो आणि "काय वातावरण होतं!" म्हणतो. तेच धुकं स्कॉटलंडचं असलं की लगेच हिशेब मागायचा. वर "आमचं कळसूबाई त्यांच्या बेन नेव्हिसपेक्षा उंच" हे असतंच. आहे ना. कळसूबाई १६४६ मीटर, बेन नेव्हिस १३४५. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर आहे. बेन नेव्हिसच्या पायथ्याचं फोर्ट विल्यम खाडीकाठी, तिथून निघालं की जवळजवळ सगळेच्या सगळे मीटर पायांनीच चढावे लागतात. आणि वाटेत दलदल, काळी, स्पंजासारखी, बूट ओढून घेणारी. झालं भांडण.

आकड्यांसाठीही जात नाही, असं मी सांगते. ह्यू मनरोंनी १८९१ साली स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली, आज तिच्यात २८२ नावं आहेत आणि ती संपवण्याचं इथे अनेकांना वेड असतं. मला नाही. फक्त आमच्या फ्रिजवर ती यादी लावलेली आहे आणि तिच्यात ६१ खुणा आहेत.

आता बेन लॉअर्स. १२१४ मीटर, म्हणजे ३९८४ फूट. चार हजाराला सोळा फूट कमी पडले म्हणून १८७८ साली एका गृहस्थांनी माथ्यावर वीस फुटी दगडांची रास रचून घेतली होती. नकाशावाल्यांनी ती मोजायला नकार दिला. हट्टी माणसांचा डोंगर आहे, एवढंच सांगायचं होतं.

ऑक्टोबर होता. नवरा बरोबर होता. आधी बेन ग्लास चढायचा, मग खिंडीत उतरायचं, मग बेन लॉअर्स. सकाळपासून ढगातच होतो. बेन ग्लास उतरताना त्याचा गुडघा बोलायला लागला. ओझं हलकं व्हावं म्हणून त्याचं जाड जॅकेट आणि चहाचा थर्मास मी माझ्या सॅकमध्ये घेतला. खिंडीत तो एका दगडाच्या आडोशाला बसला आणि म्हणाला, "तू जाऊन ये. मी संत्रं खातो." मी म्हटलं, चाळीस मिनिटं. पावणेएक वाजला होता.

तिथून माथा दोनशे मीटर. शेवटच्या टप्प्यावर धुकं आधी पांढरं झालं, मग पिवळसर, आणि मी डोक्याने पाण्याबाहेर यावं तशी उन्हात आले. चारी बाजूंना ढगांचा समुद्र. खालचं लॉख टे तळं नाही, शिहॅलियनचा डोंगर नाही, ज्यावरून नुकतीच आले तो बेन ग्लाससुद्धा बुडालेला. नैर्ऋत्येला बेन मोरचं नुसतं टोक आणि लांब पश्चिमेला बेन नेव्हिस असावा असा एक तुकडा. मी उत्तरेच्या बाजूला गेले, खाली बघितलं, आणि ढगावर माझीच लांबलचक सावली पडलेली, डोक्याभोवती रंगीत वर्तुळ.

इंद्रवज्र. ज्यासाठी मी तीन पावसाळे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उपाशी बसले होते आणि तिन्ही वेळा ओल्या चपातीचा रोल खाऊन परतले होते, ते इथे, एकटीला, फुकट. हात हलवला की सावली हात हलवायची. दोन पावलं डावीकडे सरकले तर वर्तुळही सरकलं. शेजारी कोणी उभं असतं तरी त्याला त्याच्याच डोक्याभोवतीचं दिसलं असतं, माझं नाही.

ते बघायचं तर सूर्याकडे पाठ करावी लागते. सूर्य खिंडीच्या बाजूला होता.

घड्याळ बघितलं नव्हतं, असं मी नंतर सांगितलं. बघितलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा "अजून पाच मिनिटं" असं मोठ्याने म्हणाले, कोणाला ते माहीत नाही.

खिंडीत उतरले तेव्हा अडीच वाजले होते. वारा सुटलेला. त्या दगडाशी कोणी नव्हतं. संत्र्याच्या साली तेवढ्या होत्या, उडून जाऊ नयेत म्हणून छोट्या दगडाखाली नीट दाबून ठेवलेल्या. मी हाका मारल्या. धुक्यात हाक फार लांब जात नाही, आपल्याच अंगावर पडते. फोनला रेंज नाही. साली मी खिशात घातल्या आणि बेन ग्लासला वळसा घालून जाणाऱ्या वाटेने जवळजवळ पळत निघाले. डाव्या खिशातला तो ओलसर गारवा मला अजून आठवतो. दर वळणावर मनात एकच यायचं, जॅकेट माझ्याकडे आहे.

तो पार्किंगमध्ये बसला होता. अंगात कोणाचं तरी हिरवं जॅकेट. कुत्र्यासह चाललेल्या एका वयस्क जोडप्याने त्याला कुडकुडताना पाहिलं, चहा पाजला आणि धरून खाली आणलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, बोलल्या काहीच नाहीत. नवऱ्याचे ओठ काळसर दिसत होते. त्याने विचारलं, "दिसलं का काही?"

मी म्हटलं, "नाही रे. सगळा ढगच." आणि वर जोडलं, "दिसण्यासाठी थोडीच जातो आपण."

गणपतीत तुम्हाला देते ते उत्तर पहिल्यांदा असं दिलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, खरं सांगायला काय हरकत होती? मीही तेच म्हणते, त्या दिवशीच्या मला. ती म्हणते, थंडीने थरथरणाऱ्या माणसाला सांगायचं का, की तू गोठत होतास तेव्हा मी सावलीला टाटा करत होते? मी म्हणते, मग चाळीस मिनिटांत परत यायचं. ती म्हणते, तू आली असतीस? इथे आमचं बोलणं दर वेळी थांबतं.

त्यात याच तोंडाने मी भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांची गोष्टही रंगवून सांगते. १८९४ साली बेन नेव्हिसच्या माथ्यावरच्या वेधशाळेत असताना त्यांनी ही ढगांतली रंगीत वर्तुळं पाहिली, प्रयोगशाळेत ढग करायच्या मागे लागले, त्यातून अणूहून लहान कणांचे माग दाखवणारा मेघकक्ष आला आणि १९२७ चं नोबेल. दिसण्यासाठी जात नाही म्हणणारीने ही गोष्ट सांगू नये खरं तर.

दोन आठवड्यांनी त्याने माझ्या फोनमध्ये पावतीचा फोटो शोधताना ते इंद्रवज्र पाहिलं. एकवीस फोटो होते. "हरिश्चंद्रगड?" एवढंच विचारलं. मी "हं" म्हटलं. तारीख फोटोवरच होती, त्याने वाचली की नाही, मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

आता दोघांची जॅकेटं आपापल्या सॅकमध्ये असतात, थर्मास दोन. तो सहसा येत नाही. शुक्रवारी रात्री डोंगरांच्या हवामानाचा अंदाज मात्र तोच वाचून दाखवतो. त्यात माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता टक्क्यांत देतात.

"उद्या दहा टक्के," परवा म्हणाला. "जाणारेस?"

मी बूट शोधत होते.